अप्पा आणि त्यांची डबी

अप्पा गाणं ऐकत नाहीत. गाणं येतंय का, ते ऐकतात. डोळे मिटलेले, दोन्ही हातांनी हेडफोन कानांवर दाबलेला, मान किंचित तिरकी, असे ते बसलेले दिसले की नवखा माणूस फसतो. त्याला वाटतं, म्हातारा सुरांत बुडाला. तेवढ्यात अप्पा डोळे उघडतात, “डावीकडून येतंय, उजवीकडून नाही,” असं जाहीर करतात आणि टीव्हीमागे दिसेनासे होतात. दोन्हीकडून यायला लागलं की “आलं!” अशी आरोळी उठते. त्यापुढे त्या आवाजाशी त्यांचा संबंध संपतो. वसंतराव देशपांड्यांची तान असो की गॅस सिलिंडर महागल्याची बातमी, आलं ना? झालं तर मग.

याचं मूळ अप्पांच्या नोकरीत आहे. उभा जन्म टेलिफोन खात्यात गेला. डोंबिवली-कल्याणच्या रस्त्यांखाली खड्ड्यात उकिडवं बसून केबलमधल्या शेकडो बारीक तारा रंगाला रंग लावून जोडायच्या, पलीकडून ‘हॅलो’ आलं की खड्डा बुजवायचा आणि पुढच्या खड्ड्याकडे निघायचं. हॅलोनंतर लोक एकमेकांशी काय बोलतात ते ऐकायची खात्यात परवानगी नव्हती आणि अप्पांना हौसही नव्हती. आज सत्तरी उलटली तरी ते वळण गेलेलं नाही. फक्त रस्त्यावरचा खड्डा जाऊन त्याच्या जागी टीव्हीमागची कोपराभर फट आली आहे.

डबी घरात आली ती नातीच्या बारावीमुळे. बारावीच्या घरात टीव्हीचा आवाज म्हणजे गुन्हाच. सुनेने टीव्ही मुका केला. आठवडाभर अप्पांनी मुकी बातमीपत्रं पाहिली आणि मग कुठूनतरी ही वस्तू पैदा केली. तपकिरीच्या डबीएवढी काळी डबी, पोटात बॅटरी, कडेला दोन भोकं आणि एक बारीकसं बटण. बटण टीएक्सकडे सरकवलं की डबी आवाज देते, आरएक्सकडे सरकवलं की घेते. टीव्हीच्या हेडफोनच्या भोकात तिची पिन खोचायची, डबी टीएक्सवर ठेवायची, हेडफोनचं बटण दिवा लुकलुकेपर्यंत दाबून धरायचं. दोघांची ओळख पटली की दिवा स्थिर होतो आणि आवाज तारेशिवाय कानात येतो. पेट्यांवर हिला ‘ब्लूटूथ ट्रान्समिटर’ म्हणतात, दुकानात ‘डोंगल’. अप्पा ‘डबी’ म्हणतात आणि खिशात घेऊन फिरतात.

“ही पिन कोणाची, सांग,” त्यांनी मला पहिल्याच दिवशी विचारलं.

“टीव्हीची?”

“आमची! एकोणिसाव्या शतकात टेलिफोनच्या स्विचबोर्डवर ऑपरेटर खोचायच्या ती पाव इंची पिन. तीच बारीक होत होत साडेतीन मिलिमीटरची झाली. आता मोबाइलवाले ते भोकच बुजवायला निघालेत. शंभर वर्षं चाललेली वस्तू!”

डबी आल्याने घर शांत होईल, हा सुनेचा अंदाज होता. पण हेडफोन घातलेल्या माणसाला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, हे तिने धरलं नव्हतं. पूर्वी टीव्ही मोठ्याने बोलायचा, आता अप्पा बोलू लागले. “अगं, चहा ठेवतेस का?” हे वाक्य खाली रिक्षा स्टँडपर्यंत पोहोचायचं. नातीने शेवटी अभ्यासिका लावली.

तारेशिवाय ऐकायचं म्हटल्यावर अप्पांना किती तारा लागल्या, हा वेगळाच विषय आहे. डबीतून टीव्हीत जाणारी एक. डबीची बॅटरी उतरते म्हणून टीव्हीच्या यूएसबीतून तिला वीज पाजणारी दुसरी. डबी टीव्हीच्या मागच्या पत्र्याला चिकटून राहिली तर लहरींना वाट मिळत नाही, म्हणून ती पुढे आणायला तिसरी. मग हेडफोनच्या भोकापेक्षा मागचं ऑप्टिकल चांगलं, असा शोध लागला. ही काचेसारख्या धाग्यातून उजेडाच्या रूपाने आवाज नेणारी तार तोशिबा कंपनीने १९८३ मध्ये काढली. तिच्या टोकाला लाल ठिपका दिसतो. तो दाखवायला अप्पांनी मजल्यावरची सगळी पोरं गोळा केली होती. ठिपका दिसला, आवाज मात्र आला नाही. टीव्हीच्या पोटातून आवाज डॉल्बीत बाहेर पडत होता आणि डबीला साधं पीसीएम तेवढं कळत होतं. सेटिंगमध्ये शिरून तो बदल केल्यावर “आलं!” झालं. वायरलेस झाल्यापासून त्या कोपऱ्यात केरसुणी शिरत नाही.

यातलं काहीही अप्पा टाकून देत नाहीत. डबी घेण्यामागचा खरा आनंद तोच आहे. माळ्यावरचा कॅसेट डेक खाली आला, त्याच्या लाल-पांढऱ्या भोकांना डबी लागली आणि सुनेच्या मते जो भंगारात जायला हवा होता, तो रातोरात वायरलेस झाला. “टाकायचा कशाला? चालतोय ना?” हे त्यांचं वाक्य. भंगारवाला दारात आला तर अप्पा त्याला काही देत नाहीत. उलट त्याच्या पोत्यात एखादी बरी वायर आहे का, ते विचारतात.

सगळं जुळलं असं वाटत असतानाच एक दिवस अप्पांच्या लक्षात आलं की निवेदिकेचे ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतो. ब्लूटूथवरून पाठवताना आवाज आधी दाबून बारीक करायचा, हवेतून धाडायचा आणि पलीकडे पुन्हा उलगडायचा. नेहमीच्या एसबीसी पद्धतीत या खटाटोपाला साधारण २०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो. घरातल्या इतर कोणाला हा उशीर जाणवला नसता. अप्पांनी मात्र त्याची मोजणी सुरू केली. ओठ मिटल्याशिवाय ज्यांचा उच्चार होत नाही असे वर्ण म्हणजे प, फ, ब, भ, म. शाळेत ओष्ठ्य म्हणून पाठ केलेला हा पवर्ग त्यांना साठ वर्षांनी उपयोगी पडला. बातम्यांत ‘बृहन्मुंबई महानगरपालिका’ आलं की अप्पा खुर्चीच्या कडेला सरकतात. महापालिकेने काय केलं ते कोणाला हवंय? त्या दोन शब्दांत ओठ किती वेळा मिटतात बघा! दाढीमिशीवाला वार्ताहर आला की त्यांचा विरस होतो. एकदा अख्खी संध्याकाळ ते सेटिंग खालीवर करत होते, तरी नायकाचे ओठ आणि शब्द जुळेनात. रात्री नातीने सांगितलं, “अप्पा, हा तेलुगू सिनेमा आहे, हिंदीत डब केलेला.”

उशीर हटेना, तेव्हा अप्पांनी त्याचं समर्थन तयार केलं. क्रिकेटचा सामना बघायला मी त्यांच्याकडे गेलो होतो. चेंडू बॅटला लागलेला दिसला, टक् मागून आलं.

“आवाज मागून येतोय ना तुम्हाला?” मी ओरडून विचारलं.

“आलाच पाहिजे! हवेत आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो. २०० मिलिसेकंदांत साधारण ६८ मीटर. म्हणजे सीमारेषेला लागून बसलेल्या प्रेक्षकाला जसं ऐकू येतं, तसं मला येतंय. तुम्हाला टीव्हीच्या स्पीकरमधून येतं ते खोटं.”

“पण कॅमेरा तर खेळपट्टीजवळ...”

“वीज आधी दिसते, गडगडाट मागून येतो. तिथे तक्रार करतोस का? आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने बघितलंय हे. आवाज चित्राच्या पुढे गेला तर ४५ मिलिसेकंदांतच माणसाच्या ध्यानात येतं. मागे राहिला तर १२५ पर्यंत कळतही नाही.”

“तुमचा २०० राहतो.”

“तेवढं चालवून घ्यायचं,” म्हणाले आणि तेवढ्यात समोरच्या बिल्डिंगीतून ‘आउट!’चा गलका झाला. आमच्या पडद्यावर गोलंदाज अजून पँटला चेंडू घासत होता. अप्पांकडे सामना इंटरनेटवरून येतो, समोर केबलवरून. सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यासाठी महिना घालवलेल्या अप्पांचा सगळा सामनाच अर्ध्या मिनिटाने मागे चालला होता. मी त्यांच्याकडे पाहिलं. “त्या लोकांना फार घाई असते,” ते शांतपणे म्हणाले.

पुढे त्यांनी दुसरी डबी घेतली. हिच्यात ॲप्टएक्स लो लेटन्सी नावाची युक्ती होती. तिने उशीर ४० मिलिसेकंदांच्या आसपास येतो, असं पेटीवर लिहिलं होतं. खोटं नव्हतं ते. पण ही युक्ती हेडफोनलाही यावी लागते आणि अप्पांच्या हेडफोनला ती येत नव्हती. मग डबी मुकाट्याने जुन्या एसबीसीवर उतरली. “देणाऱ्याकडे असून भागत नाही,” अप्पा खिन्नपणे म्हणाले, “घेणाऱ्याकडेही लागतं.” अप्पांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, आतून म्हणाल्या, “हे मला विचारलं असतं तर फुकट सांगितलं असतं.”

काकूंचं विज्ञान निराळं आहे. त्या टीव्ही आणि अप्पांच्या मधून गेल्या की अप्पांचा आवाज तुटायचा.

“अगं, मधे उभी राहू नकोस! तुझ्या अंगात पाणी आहे!”

“काय आहे?”

“पाणी! माणसाच्या अंगात निम्म्याहून जास्त पाणीच असतं, त्यात या लहरी शोषल्या जातात.”

“बरं. मग चहा तिथे आणून देऊ, की त्यातही पाणीच आहे?”

यावर अप्पांना बोलता आलं नाही, तेव्हा त्यांनी हेडी लामार काढली. व्हिएन्नात जन्मलेली ही हॉलिवूडची नटी आणि जॉर्ज अँथाइल नावाचा संगीतकार, या दोघांना १९४२ मध्ये पेटंट मिळालं. पाणतीराला पाठवलेला संदेश शत्रूला अडवता येऊ नये म्हणून तो सारखा या लहरीवरून त्या लहरीवर उड्या मारत न्यायचा. पियानोला पट्ट्या ८८, म्हणून यांच्या योजनेत लहरीही ८८. ब्लूटूथही उड्याच मारतं, ७९ वाटांवरून सेकंदाला १६०० वेळा. एका वाटेवर अडथळा आला तर दुसरी. हे सांगताना अप्पांच्या चेहऱ्यावर जे तेज येतं, ते उड्यांमुळे की नटीमुळे, असं काकूंनी एकदाच विचारलं होतं.

काकूंचा सगळ्यात मोठा शोध मात्र स्वयंपाकघरात लागला. मायक्रोवेव्ह चालतो २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास. ब्लूटूथच्या सगळ्या उड्या २.४ ते २.४८ मध्ये. अप्पांचा टीव्ही ज्या भिंतीला टेकलाय, तिच्याच पलीकडे ओट्यावर मायक्रोवेव्ह. काकूंना यातला एकही आकडा माहीत नाही. आमटी गरम करायला घेतली की बाहेर हे कुरकुरत उठतात, एवढं त्यांच्या लक्षात आलं. पूर्वी जेवायला चारदा हाका माराव्या लागायच्या, आणि हेडफोनमुळे त्या वायाच जायच्या. आता पानं वाढून झाली की त्या वाटीभर पाणी आत ठेवतात आणि एक मिनिट लावतात. बाहेर अप्पांच्या कानात खरखर सुरू होते, मग तुकडे, मग काहीच नाही. हेडफोन काढून ते तावातावाने आत येतात, “काय लावलंयस?” तोवर पान समोर असतं. अप्पांना या वाटीची खबर अजून नाही. ते मला म्हणाले, “आमच्याकडे रात्री साडेआठच्या सुमाराला लहरींची गर्दी होते.”

जोडणीआधी ओळखीचा आकडा दाखवायला डबीला पडदा नाही. समोर कोण आहे हे ती विचारत नाही. जवळपास जो कोणी जोडणीसाठी दिवा लुकलुकवत बसला असेल, त्याचा हात धरून मोकळी होते. शेजारी सत्यनारायणाची पूजा होती. आरतीसाठी नवा स्पीकर आणून चालू करून ठेवला होता. मोबाइल अजून त्याला जोडायचा होता. इकडे अप्पांनी त्याच वेळी डबीचं बटण दाबून धरलं. साधुवाण्याची नौका गुरुजींनी नुकतीच बंदराला लावली होती, आणि चौरंगाजवळून खणखणीत बाईचा आवाज आला, “या घरात माझ्या परवानगीशिवाय पान हलत नाही!” यजमानीणबाईंच्या सासूबाईंनी चमकून सुनेकडे पाहिलं. सुनेने नवऱ्याकडे. गुरुजींनी पोथीवरून नजर न काढता पुढचा अध्याय घेतला. भिंतीपलीकडून अप्पांची हाक आली, “येत नाहीये!”

परवा नातीची बारावी आटोपली, बऱ्यापैकी मार्क पडले, म्हणून मुलाने नवा टीव्ही घ्यायचं काढलं. दुकानात मीही बरोबर होतो. विक्रेता पोरगा पुढून चित्र दाखवत होता आणि अप्पा प्रत्येक टीव्हीच्या मागे जाऊन भोकं मोजत होते.

“काका, याला काहीच लावायला नको. ब्लूटूथ आतच आहे,” पोरगा म्हणाला.

अप्पांचा चेहरा पडला. जोडायला काहीच नसलेला टीव्ही घेऊन माणसाने निवृत्तीची वर्षं काढायची कशी? मग त्यांनी सावरून विचारलं, “हेडफोन किती लागतात एका वेळी?”

“एक.”

“बघ!” अप्पा मुलाकडे वळले. “माझ्या डबीला दोन लागतात. हिला ऐकावंसं वाटलं तर?”

“मला नाही वाटणार,” काकू म्हणाल्या.

“वाटलं तर, म्हणतोय मी.”

काकूंनी त्यांना बाजूला सारलं आणि पोराला तांत्रिक प्रश्न विचारला. साऱ्या दुकानात तो एकच असा होता, की ज्याचं उत्तर त्यांना खरोखर हवं होतं.

“याच्या ब्लूटूथला मायक्रोवेव्हचा त्रास होतो का रे?”

“छे छे, मॅडम! अजिबात नाही. मायक्रोवेव्हवर ठेवलात तरी आवाज तुटणार नाही.”

“मग दुसरा दाखव,” काकू म्हणाल्या.