कारणे दाखवा : चि. ब्रूनो, सदनिका क्रमांक ३०४

प्रति,
चि. ब्रूनो, वय ९ आठवडे, जात लॅब्रेडॉर,
सदनिका क्र. ३०४, हल्ली मुक्काम सोफ्याखाली.

विषय : बैठकीच्या खोलीतील गालिचा, लिफ्ट आणि रात्रीची शांतता यांबाबत खुले पत्र.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सोसायटीची व्यवस्थापक समिती आपणांस कळवू इच्छिते की, गेल्या शनिवारी गळ्यात लाल रिबीन बांधून आपण या इमारतीत दाखल झालात, तेव्हा जिन्यातच अकरा सभासदांनी आपला पापा घेतला होता. आज सहाव्या दिवशी समितीकडे आपल्याविरुद्ध नऊ तक्रारी आहेत. पापा घेतल्याचे आता एकही सभासद कबूल करत नाही. सबब आपल्यावर कारवाई का करण्यात येऊ नये, याची कारणे आपण दाखवावीत. आपणांस अद्याप लिहिता येत नसल्याने समितीनेच चौकशी करून ती गोळा केली आहेत. ती समितीला फारशी सोयीची निघाली नाहीत.

पहिली तक्रार, आणि सर्वांत ओली, गालिच्याची. सदनिकाधारकांचे म्हणणे असे की आपण ‘मुद्दाम’ तेथेच करता. चौकशीत दिसले ते असे. पहिले तीन आठवडे पिल्लाला स्वतःहून शी-शू करताच येत नाही. आई चाटते तेव्हाच ती होते आणि आईच ती साफ करते. पाय फुटले की पिल्लू झोपायची जागा सोडून चार पावले पलीकडे जाते आणि पायाखाली जे येईल त्याची सवय लावून घेते. आपण जेथे जन्मलात तेथे खाली वर्तमानपत्रे अंथरलेली होती. येथे आलात तर जमिनीवर कागदाचा कपटाही नाही, सगळीकडे गुळगुळीत फरशी आणि मधोमध एकच मऊ, शोषून घेणारी वस्तू. आपण त्यातल्या त्यात सभ्य जागा निवडलीत. आठ आठवडे पूर्ण होण्याआधी पिल्लू विकू नये असा २०१७ चा केंद्राचा नियम आहे. तेवढा पाळून आपणांस आणले गेले, पण नियमांचे पालन जवळपास तेथेच संपते.

कारण पिल्लाच्या मूत्राशयाचा एक ढोबळ हिशेब असतो. वय जितके महिने, त्यात एक मिळवावा, जास्तीत जास्त तितके तास. आपले वय दोन महिने, म्हणजे तीन तास. तेही शांत पडून असाल तर. झोपेतून उठल्यावर, खेळून दमल्यावर आणि खाल्ल्यानंतर पाऊण तासाच्या आत हा हिशेबही कोसळतो, कारण पोट भरले की आतडी चालू लागतात. आणि सदनिकाधारक सोमवारी लग्नाला गेले ते सकाळी दहाला, परतले पाचला. सात तास! समितीच्या सर्वसाधारण सभेत दीड तासानंतर निम्म्या खुर्च्या रिकाम्या होतात आणि त्या सभासदांना कोणी गालिच्यापाशी नेऊन त्यांचे नाक त्यावर घासत नाही.

आपले मात्र घासले गेले. परतल्यावर, म्हणजे घटनेनंतर कित्येक तासांनी. आपणांस त्यातून एवढेच कळले की लग्नाहून आलेली माणसे भयंकर असतात. त्यानंतर वाकून कोणी ओरडले की आपण जागच्या जागी चार थेंब सोडता. याला सदनिकेत ‘निगरगट्टपणा’ म्हणतात. प्रत्यक्षात ती पिल्लाची शरणागती आहे, आणि जितके ओरडावे तितकी ती ओली होते.

‘पण त्याचा चेहराच सांगतो ना, त्याला कळतंय!’ असे सदनिकाधारिका म्हणाल्या. या चेहऱ्याचीही चौकशी झालेली आहे. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजातील अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये चौदा कुत्र्यांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. खाऊ ठेवायचा, ‘हात लावू नकोस’ म्हणायचे आणि मालकाला बाहेर पाठवायचे. परतलेल्या मालकाला कधी खरे सांगायचे, कधी खोटे. पडलेले कान, चोरटी नजर, पायांत गेलेली शेपटी हे सगळे कुत्र्याने खाऊ खाल्ला की नाही यावर अवलंबून नव्हते, मालक रागावला की नाही यावर होते. खाऊला तोंडही न लावता बोलणी खाणाऱ्यांचा चेहरा सर्वांत अपराधी दिसला.

याच्या पुष्कळ आधीचे प्रकरण महाभारताच्या आदिपर्वातले. जनमेजय राजाचे भाऊ यज्ञाच्या जागी आलेल्या एका पिल्लाला बडवतात. ते रडत आईकडे, सरमेकडे जाते. सरमा थेट सत्रात येऊन विचारते, याने हविष्याला तोंड लावले नाही, तिकडे पाहिलेदेखील नाही, मग मारले का? कोणापाशी उत्तर नसते. तेव्हा ती शाप देते की ध्यानीमनी नसताना तुमच्यावर भय येईल. म्हणजे पहिली ‘कारणे दाखवा’ नोटीस कुत्रीने राजाला काढली होती. समितीने हे वाचून आपली नोटीस मागे घेण्याचा विचार केला होता, परंतु लेटरहेड छापून आले होते.

गालिच्याबाबत अखेरचे. तो रोज फिनेलने पुसला जात होता आणि आपण रोज पुन्हा तेथेच जात होतात. माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी पन्नास-साठ लाख असतात, आपल्या नाकात वीस कोटींच्या वर. फिनेलच्या खालचा कालचा वास सदनिकाधारकांना येत नाही, आपणांस पत्ता लिहिल्यासारखा येतो. त्यासाठी विकराने वास मोडणारे द्रावण जनावरांच्या दुकानात मिळते. तोपर्यंत गालिचा गुंडाळून माळ्यावर टाकता आला असता, हे आधी कोणालाच सुचले नाही.

दुसरी तक्रार रात्री दोन वाजता येणाऱ्या रडण्याची. ही पिंजऱ्याची कहाणी आहे आणि तिच्यात सदनिकाधारक स्वतः नायक आहेत. विलायती व्हिडिओ पाहून त्यांनी लोखंडी पिंजरा मागवला, तो बेचाळीस इंची, वाढत्या अंगाचा! पिल्लाला उभे राहता, वळता आणि पाय ताणून झोपता यावे एवढाच पिंजरा असावा, आणि मोठा असेल तर मधे जाळी घालून तो लहान करावा, याचे कारण वर आलेच आहे. झोपायच्या जागी पिल्लू सहसा घाण करत नाही. बेचाळीस इंचांत मात्र झोपायची जागा पूर्वेला आणि शौचालय पश्चिमेला अशी आपण रीतसर वाटणी केलीत. सदनिकाधारकांच्या स्वतःच्या घरात ती सोय नाही, शयनगृह आणि शौचालय यांची भिंत एकच आहे.

पहिल्याच रात्री आपणांस आत ढकलून, कडी लावून, पिंजरा बाल्कनीलगत ठेवून सगळे झोपायला गेले. आदल्या रात्रीपर्यंत आपण भावंडांच्या ढिगात झोपत होतात. ‘कुत्रा मुळात गुहेत राहणारा प्राणी आहे,’ असे सदनिकाधारकांनी शेजाऱ्यांना समजावून सांगितले. लांडगी गुहा वापरते ती बाळंतपणाला, आणि पिल्ले आठ-दहा आठवड्यांची झाली की ती सोडून देते. शिवाय गुहेला कडी नसते. यावर त्यांनी कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडेच, ही म्हण सुनावली. समितीचे नम्र निरीक्षण असे की नळीदेखील दोन्ही टोकांनी उघडी असते.

पिंजऱ्याला समितीचा विरोध नाही. दार उघडे ठेवून आत जेवण वाढले, मऊ चादर घातली, दोन मिनिटे, मग पाच, मग अर्धा तास असे दार लोटत गेले, तर दिवसाचे अठरा-वीस तास झोपणाऱ्या जिवाला ती हक्काची खोली होते. दिवाळीच्या फटाक्यांत तर कोपऱ्यातला, चादर टाकलेला पिंजरा सोफ्याखालच्या अंधारापेक्षा बरा. रात्री तो कोणाच्या तरी खाटेलगत हवा, म्हणजे वरून हात सोडता येतो आणि ‘एकटे वाटते’ व ‘शू लागली’ या दोन रडण्यांतला फरक कानाला कळतो. पण पिंजरा विकत आणला की शिकवणेही विकत आणले, असा समज या शहरात फार पसरला आहे. मालक कचेरीत आणि कुत्रा आठ तास कडीत, याला शिस्त म्हणत नाहीत. स्वीडन आणि फिनलंडमध्ये प्रवास किंवा आजारपणासारखी कारणे वगळता कुत्र्याला असे कोंडून ठेवताच येत नाही. आपल्याकडेही १९६० च्या प्राण्यांवरील क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ मध्ये हालचालीपुरती जागा नसलेला पिंजरा, आणि सदैव कोंडलेल्या कुत्र्याला न फिरवणे, दोन्ही गुन्हे म्हणून लिहिलेले आहेत. कलम कोणी वाचत नाही, पिंजऱ्यासोबत आलेले माहितीपत्रकही कोणी वाचलेले नाही.

तिसरी तक्रार लिफ्टची, ती थोडक्यात. सकाळी सहाला आपण उठता. त्यानंतर चप्पल शोधणे, पट्टा शोधणे, नवव्या मजल्यावर अडकलेल्या लिफ्टची वाट पाहणे, यात सात मिनिटे जातात. आपणांस तीसुद्धा परवडत नाहीत. खाली नेऊन सोडतात ते गल्लीतील यच्चयावत कुत्री हजेरी लावतात त्याच झाडापाशी. सोळा आठवड्यांपर्यंत चालणारे लसींचे डोस पुरे व्हायचे आहेत, आणि १९७८ च्या सुमारास जगभर पसरलेला पार्व्हो विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो. तोवर बाल्कनी बरी. जग दाखवायचे ते कडेवरून, कारण जगाशी ओळख करून घ्यायचे पिल्लाचे वयही चौदा आठवड्यांच्या आसपास सरते. एका सभासदाने आपणांस लिफ्टबंदी करण्याची मागणी केली आहे. पाळीव कुत्र्यांना लिफ्टमध्ये मज्जाव करता येत नाही, असे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ मध्येच सोसायट्यांना कळवलेले असल्याने समिती हळहळण्यापलीकडे काही करू शकत नाही.

आता आजी. आपण येऊ नये म्हणून दोन जेवणे सोडणाऱ्या सदनिकेतील त्या एकमेव व्यक्ती. त्यांच्याही हातून एक चूक झाली. पहिल्या दिवशी मायेने दूध-पोळी कुस्करून घातली. आईचे दूध सुटल्यावर पिल्लाला दुधातली साखर पचेनाशी होते, त्यामुळे पुढचा वृत्तान्त येथे देत नाही. बुधवारपासून मात्र चित्र पालटले. आजी पाचलाच उठतात. त्यांनी रद्दीतली वर्तमानपत्रे बाल्कनीत अंथरली, वर कालचा एक ओला कागद वासाला ठेवला, आणि जाग आली की, जेवण झाले की, खेळ थांबला की आपणांस उचलून तेथे उभे करू लागल्या. आपण गोल फिरून हुंगू लागलात की त्या तोंडाने ‘शूऽऽ’ म्हणतात. तीन नातवंडांना मोरीच्या कडेला धरून त्यांनी हाच आवाज काढला होता. पाव्हलॉव्हने रशियात कुत्र्यांवर दाखवून दिलेली गोष्ट या घरात कोणीही पुस्तक न उघडता पिढ्यान् पिढ्या चालू आहे. कन्या ‘गो पॉटी’ म्हणते, वडील ‘बाहेर!’ म्हणतात, आई ‘कर ना रे बाळा’ म्हणते. आपण चौघांतून आजींचा शब्द उचललात, कारण काम झाल्याबरोबर, तेथेच, आपला श्वास खाली बसण्याच्या आत, त्यांच्या कमरेच्या बटव्यातून एक दाणा निघतो. नंतर स्वयंपाकघरात बोलावून दिलेला दाणा हा स्वयंपाकघरात आल्याचा समजला जातो. हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

समितीच्या नोंदीनुसार बुधवारी तीन आणि आज एक अपघात झाला. आजचा आजी देवळात गेल्या असताना. गालिचा माळ्यावर गेला आहे. पिंजऱ्यात मधली जाळी बसली असून तो आजींच्या खाटेशेजारी आहे, दार काढून ठेवले आहे. आपले महोदयत्व पक्के व्हायला अजून चार-पाच महिने लागतील आणि अधूनमधून उलटी पावलेही पडतील. पावसाळ्यात ओल्या गवताला आपण नाक मुरडाल तो प्रसंग वेगळाच.

तरी सदर पत्राचा खुलासा सात दिवसांत सादर करावा.

आपली विश्वासू,
व्यवस्थापक समिती

ता. क. : हे पत्र बजावण्यास वॉचमन ३०४ मध्ये गेला असता सदनिकाधारक घरी नव्हते. पोच घेण्यासाठी त्याने पत्र आपल्यासमोर फरशीवर ठेवले. आपण ते हुंगलेत, त्याच्याभोवती दोन फेऱ्या मारल्यात. वॉचमन ‘अरे अरे’ म्हणेपर्यंत पोच मिळाली होती, आणि आजींचा हात बटव्यात गेला होता.