अमावास्येचा माणूस

चारचौघे अमावास्येला नवी गाडी घरी आणत नाहीत. हा मात्र कॅलेंडर उलटून आधी अमावास्याच शोधतो आणि रजेचा अर्ज टाकतो.

ओळखायला सोपा आहे. वय चाळिशीकडे, मान वर, हप्ते चालू. लडाखमधल्या हानलेहून कुणीतरी टाकलेला आकाशगंगेचा फोटो पाहून त्याने कॅमेरा घेतला. घेतला कधी, तर जूनमध्ये. आकाशगंगेचा सर्वांत झगमगता, धनू-वृश्चिकाकडचा भाग रात्रभर दिसावा तो नेमका आपल्या पावसाळ्यात. हे निसर्गाने मुद्दाम केले आहे, अशी त्याची खात्री आहे. ढग हटेपर्यंत तो यूट्यूब पाहतो.

मग गच्ची. ५०० चा नियम तोंडपाठ: पाचशेला लेन्सच्या मिलिमीटरने भागा, तेवढे सेकंद शटर उघडे ठेवा. पण ते गणित फुल फ्रेम सेन्सरचे. याचा सेन्सर छोटा, त्यामुळे ५० मिमीला दहा नव्हे, साडेसहाच सेकंद मिळतात. हा दहा ठेवतो. पृथ्वी काही थांबत नाही, आणि ताऱ्यांच्या शेवया होतात.

म्हणून ताऱ्यांच्या गतीने कॅमेरा फिरवणारा ट्रॅकर येतो. त्याचा अक्ष ध्रुवताऱ्याकडे रोखायचा. ध्रुव आपल्या अक्षांशाइतकाच उंच दिसतो. पुण्यातून जेमतेम साडेअठरा अंश. नेमकी तिथेच शेजारच्या सोसायटीची पाण्याची टाकी. ध्रुवाला अढळपद आहे, टाकीलाही.

रात्री दोन वाजता तो लेन्सला झाकण लावून फोटो काढू लागतो. सेन्सरचा स्वतःचा नॉइज मोजून नंतर वजा करायचा, म्हणून. अगदी शास्त्रशुद्ध आहे हो, पण शोधत वर आलेल्या बायकोला कोण पटवणार?

"अहो, झाकण काढायचं राहिलंय."

"डार्क फ्रेम्स आहेत."

"अंधारच हवा तर कपाट होतं की!" म्हणत ती मोबाइलचा टॉर्च लावते.

हिवाळ्यात ढीगभर फोटो एकावर एक रचून मृगातला तेजोमेघ उमटतो. तेराशेच्या आसपास प्रकाशवर्षांवरचा, गुलाबी, धूसर. तो फॅमिली ग्रुपवर पाठवतो. आत्या लिहितात, "छान! लेन्सवर डाग पडलाय का रे?"

तुम्हालाही ही हौस असेल, तर नवा कॅमेरा घेऊ नका. याचा पहिला लवकरच विकायला निघेल. ५० मिमीच्या लेन्ससकट तोच घ्या. कॅमेऱ्याचा दोष कधीच नव्हता.