लिंकवाले

सावेडीत गुलमोहर रोडच्या आसपास कुठेही दगड भिरकावला, तरी तो एखाद्या लिंकवाल्याच्या खिडकीला लागतो. 2020 च्या मार्चमध्ये पुण्याहून लॅपटॉप आणि गादी घेऊन हा माणूस 'पंधरा दिवसांसाठी' नगरला आला, तो आजतागायत गेलेला नाही. कंपनी बाणेरला, टीममधला एक जण श्रीरामपूरला, एक लातूरला, एक ताई नागपूरला. या सगळ्यांनी कुठल्या ॲपवर भेटायचं हे लिंकवाले ठरवतात. हे काम त्यांना कोणी दिलेलं नाही, आणि त्यामुळेच कोणी काढूनही घेऊ शकत नाही.

"घरून काम ही नगरची परंपरा आहे, राव," ते सांगतात. "1942 ला नेहरू, पटेल, आझाद धरून अख्खी बारा माणसं किल्ल्यात होती. नेहरूंनी तर तिथं जाडजूड ग्रंथ लिहिला. का झाला लिहून? मीटिंगची लिंक नव्हती!" इंग्रजांनी त्यांना कोंडून ठेवलं होतं, हा तपशील लिंकवाले गाळतात. आईने माडीवर कोंडून घालावं अशी त्यांचीही इच्छा असते, पण ती दर अर्ध्या तासाने "अरे, चहा गार होतोय" म्हणत कॅमेऱ्यात येते.

नवं ॲप आलं की लिंकवाले मुलीच्या बापाने स्थळ पाहावं तसं ते पाहतात. माणसं किती? बोलणी किती वेळ? घराणं कुठलं? एक्सेलच्या तक्त्यात सगळं भरलेलं. झूम : फुकटात 100 माणसं, 40 मिनिटं. गूगल मीट : तिघं किंवा जास्त असतील तर 60 मिनिटं. टीम्स : तेवढीच. व्हॉट्सॲप : 32 जण, वेळेचं बंधन नाही, पण शेरा 'तिथे आत्या ऑनलाइन दिसते'. स्काइपची ओळ 5 मे 2025 पासून काळ्या चौकटीत आहे. त्या दिवशी ते बंद झालं आणि लिंकवाल्यांनी टीमच्या ग्रुपवर हात जोडलेली खूण टाकली. नागपूरच्या ताईंनी घाबरून फोन केला, "कोण गेलं?"

एप्रिल 2020 मध्ये गृहमंत्रालयाने झूम सुरक्षित नसल्याचं कळवलं, त्या संध्याकाळी लिंकवाल्यांनी टीमबरोबर सगळ्या भावकीलाही झूमवरून उठवलं. एक ऑनलाइन सत्यनारायण चौथ्या अध्यायावर अडकला तो अडकलाच. जुलैत जिओमीट आलं, बिऱ्हाड तिकडे. ऑगस्टमध्ये सरकारी स्पर्धेत केरळातल्या कंपनीचं व्हीकन्सोल पहिलं आलं आणि तिला 1 कोटी रुपये मिळाले, तेव्हा पेढे फक्त वाटायचे राहिले. मग जित्सी. खातं नको, पैसे नकोत, प्रोग्रामही सगळ्यांना खुला. "सर्व्हर आपलाच टाकू की!" जुन्या डेस्कटॉपवर तो टाकलाही. पण सावेडीत लाइट गेली की लातूर आणि नागपूर एकदमच गडप व्हायचं. शेवटी जित्सीच्याच सार्वजनिक साइटवर आले, तर ऑगस्ट 2023 मध्ये तिथेही मीटिंग सुरू करणाऱ्याला लॉगिन सक्तीचं झालं. लिंकवाल्यांना जेवण गेलं नाही.

त्याच महिन्यात खुद्द झूम कंपनीने आपल्या लोकांना आठवड्यातून दोनदा ऑफिसात बोलावलं; ऑफिसपासून 80 किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांना. लिंकवाल्यांनी लगेच हिशेब केला. नगर ते पुणे सुमारे 120. "झूममध्ये असतो तर वाचलो असतो," असं म्हणून ते तारकपूर स्टँडवर पुण्याची गाडी पाहायला गेले, कारण त्यांच्याही साहेबांनी ती बातमी वाचली होती, फक्त किलोमीटर वाचले नव्हते.

लिंकवाल्यांचा सुवर्णकाळ मात्र करोनातला. सहकारी संस्थांच्या वार्षिक सभा ऑनलाइन घ्यायला मुभा मिळाली आणि नगर जिल्हा हादरला. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांनी 1950 मध्ये सहकारी साखर कारखाना उभा केला, तेव्हापासून सभा कशी असते हे इथल्या पोराबाळांनाही ठाऊक. अध्यक्षांनी "मंजूर का?" विचारायचं, पुढच्या रांगेने "मंजूर! मंजूर!" ओरडायचं आणि मागच्या रांगेने माइककडे धाव घ्यायची. आता माइक प्रत्येकाच्या खिशात! एका पतसंस्थेचे अध्यक्ष रात्री लिंकवाल्यांच्या घरी आले. लिंकवाल्यांनी तक्ता उघडला, एन्क्रिप्शन समजावू लागले. अध्यक्षांनी हात वर केला. "इंजिनेर साहेब, ते राहू द्या. समोरच्यांचा आवाज बंद करायचं बटण कशात आहे, तेवढं सांगा."

"सगळ्यांतच आहे, आण्णा."

अध्यक्षांच्या चेहऱ्यावर पन्नास वर्षांचा सहकार उजळला. जरा विचार करून त्यांनी विचारलं, "आणि फक्त 'मंजूर' ऐकू येईल असं?"

एवढा अभ्यास करूनही टीमची रोजची मीटिंग शेवटी परत फुकटच्या झूमवरच का व्हायची, याचा उलगडा यंदा झाला. तिचा क्रम ठरलेला. पहिली दहा मिनिटं "आवाज येतोय का?", पुढची दहा "तुमचा म्यूट आहे", मग श्रीरामपूरचं पाऊसपाणी. अडतिसाव्या मिनिटाला साहेब घसा साफ करून म्हणायचे, "बरं, ते काम कुठपर्यंत..." आणि चाळीस व्हायची. लिंकवाले नवी लिंक पाठवायचे, पण ती उघडेपर्यंत साहेब दुसऱ्या मीटिंगला गेलेले असायचे. अशी अडीच वर्षं निघाली.

यंदा कंपनीने पैसे भरून परवाना घेतला. लिंकवाल्यांनीच तक्ता दाखवून पटवलं होतं. त्यांना तो आयुष्यातला विजय वाटला. पहिल्याच दिवशी मीटिंग दोन तास दहा मिनिटं चालली. साहेबांनी प्रत्येकाचं काम विचारलं, मागच्या दिवाळीपासूनचं. संध्याकाळी लातूरचा फोन आला. "दादा, तुमच्या पाया पडतो. उद्या जुनीच लिंक टाका."

लिंकवाल्यांनी टाकली. वर साहेबांना कळवलं, "सर, नव्यात सुरक्षेचा थोडा प्रश्न दिसतोय. अभ्यास चालू आहे."