गॅप सर्टिफिकेट

"गॅप किती दिवसांचा?"

काउंटरवरच्या मुलीनं हे विचारलं तेव्हा माझ्यामागे नऊ माणसं उभी होती. त्यातले एक आजोबा साखर तपासायला आले होते आणि त्यांचं कानाचं यंत्र नेमकं चालू होतं. मी घाईनं म्हणालो, "एक वर्ष. बारावीनंतर. सर्टिफिकेट आहे."

खरंच आहे. इंजिनिअरिंगच्या प्रवेशाला लागतं म्हणून कचेरीबाहेरच्या टायपिस्टकडून करून घेतलेलं ते गॅप सर्टिफिकेट माझ्या फाईलमध्ये अजून जपून ठेवलंय. मुलीनं मान वर केली. "सर, सिमेनचा गॅप." आजोबांनी यंत्राचा आवाज वाढवला.

आमच्या लग्नाला चार वर्षं झाली. पहिली दोन आम्ही 'इतक्यात नाही' म्हणण्यात घालवली, पुढची दोन लोकांनी 'मग कधी?' विचारण्यात. या दुसऱ्या दोन वर्षांत बायकोचं रक्त इतक्या वेळा काढलं गेलं की नुसत्या तिच्या रिपोर्टांनी एक फाईल फुगली. थायरॉइड झालं, हार्मोन्स झाले, सोनोग्राफ्या झाल्या. मग एचएसजी झालं. त्यात गर्भनळ्या मोकळ्या आहेत का हे पाहायला आत औषध सोडून एक्स-रे काढतात. परतताना ती रिक्षात ओठ दाबून बसली होती आणि मला "पाणी घेतेस का?" याच्यापुढे काही सुचलं नाही. या सगळ्यात माझं काम एकच, फाईल धरणं. फाईल मी उत्तम धरतो.

शेवटी नव्या डॉक्टरांनी विचारलं, "आणि यांचा रिपोर्ट?" मी तत्परतेनं फाईल पुढे केली. "ही नाही हो. तुमचा." बायको खिडकीबाहेर बघत होती, पण तिचे खांदे हलत होते.

मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाकडेही काहीतरी कारण सापडतं. वीर्याच्या तपासणीला ना सुई लागते, ना भूल, आणि पैसेही एचएसजीपेक्षा पुष्कळ कमी. तरी ती आमच्याकडे सगळ्यात शेवटी आली. आईला कळलं तेव्हा ती म्हणाली, "त्याला कशाला? आपल्याकडे कुणालाच तसला प्रॉब्लेम नाही." 'तसला'! रघुनाथ कर्व्यांनी 1927 साली याच मराठीत लैंगिक विषयांवर मोकळेपणानं बोलणारं 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केलं होतं. आम्ही अजून 'तसला'वरच आहोत.

तर गॅप, म्हणजे शेवटच्या वेळेपासूनचे दिवस. तो हवा कमीत कमी दोन दिवसांचा आणि जास्तीत जास्त सात. मी इंजिनिअर, मला वाटलं जितका साठा जास्त तितके मार्क जास्त. तसं नसतं. गॅप फार लांबला की प्रमाण वाढतं, पण त्यात म्हातारे आणि गेलेले शुक्राणूच जास्त भरतात. मी चार दिवस सांगितले. आजोबांनी मान डोलावली, बहुधा पसंतीची.

मग हातात एक डबी आली आणि कोपऱ्यातली खोली दाखवली गेली. खोलीत एक स्टूल, एक गळका नळ आणि भिंतीवर औषध कंपनीचं कॅलेंडर. त्यावर सात-आठ महिन्यांचं गुटगुटीत बाळ थेट माझ्याकडे बघत होतं. दार प्लायवुडचं. बाहेरून आवाज येत होते, "फास्टिंगवाले कोण आहेत? जेवणानंतरचे दोन तास कुणाचे झाले?" वीस मिनिटांनी मी रिकामी डबी घेऊन बाहेर आलो. मुलगी बिचारी समजूतदार होती. "घरून आणा, सर. पण अर्ध्या तासात पोचायला हवं. आणि गार होऊ देऊ नका, अंगाशी धरून आणा. साबण, तेल काही नको. सांडलं तर सांगायचं, पहिला भाग गेला तर मोजणीच चुकते."

आम्ही राहतो धायरीला. लॅब टिळक रोडच्या बाजूला. सिंहगड रोड ज्यांना ठाऊक आहे त्यांना या वाक्यातलं शौर्य कळेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको स्कूटर चालवत होती आणि मी मागे, शर्टाच्या आत उजव्या काखेत डबी दाबून. आनंदनगरला सात मिनिटं गेली. राजाराम पुलाशी शेजारच्या मोटरसायकलवरून सोसायटीचे सेक्रेटरी ओरडले, "काय हो, हाताला लागलं का?" मी म्हणालो, "सांभाळतोय." "जपा!" ते म्हणाले. जपतच होतो. दांडेकर पुलाच्या चौकात चारही बाजूंची वाहनं एकमेकांत घुसली होती. बायको मागे वळून म्हणाली, "आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी पोटाशी धरून चालला आहेस. कसं वाटतंय?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, चौतीस मिनिटं मात्र झाली होती.

टेक्निशियन मोठा रसिक निघाला, उशिराबद्दल काही बोलला नाही. नमुना आधी पातळ होऊ द्यावा लागतो, त्याला पंधरा मिनिटं ते अर्धा तास लागतो, तेवढ्यात त्यानं मला गोष्ट सांगितली. शुक्राणू पहिल्यांदा पाहिले गेले 1677 साली, डच गावातल्या लेवेनहूक नावाच्या कापडवाल्याच्या भिंगाखाली. आपल्याकडे तेव्हा शिवाजी महाराज दक्षिण दिग्विजयावर होते. लेवेनहूकनं लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहिलं, पण त्यात आधी खुलासा केला की नमुना पापमार्गानं मिळवलेला नाही, पत्नीच्या सहवासानंतर उरलेला आहे. साडेतीनशे वर्षं होत आली, काउंटरवरचा खुलासा काही सुटला नाही.

"बघायचंय?" त्यानं विचारलं. मी डोळा लावला. बारीक चौकोनांची जाळी आणि त्यात माझी प्रजा. काही सरळ पुढे चाललेले, काही एकाच जागी गोल गोल, काही नुसतेच शेपूट हलवत उभे, बरेच थिजलेले. मला ओळखीचं वाटलं. हुबेहूब दांडेकर पूल. तो दहा चौकोनांतले मोजत होता. या जाळीत दहा चौकोनांचा आकडा म्हणजे मिलिलिटरमागे तितके दशलक्ष, असा हिशेब. माझे अकरा भरले.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या पुस्तकात खालची मर्यादा सोळाची आहे. एकूण हलणारे 42 टक्के हवेत, त्यात पुढे जाणारे 30. माझे पुढे जाणारे 21. रूपाचा पेपर मात्र फार उदार: शंभरात चार जण नीट बांध्याचे असले तरी चालतं. पस्तीसला पास होण्याच्या राज्यात चारला पास! माझे तीन. ग्रेस मार्क मिळतात का, असं मी विचारणार होतो.

डॉक्टर मूळचे तासगावचे, घरची द्राक्षबाग. रिपोर्ट बघून म्हणाले, "हे मार्क नव्हेत हो. एका वर्षात ज्यांच्याकडे पाळणा हलला अशा बापांची मोजणी करून त्यातल्या सगळ्यात खालच्या पाच टक्क्यांवर ही रेघ ओढलीय. म्हणजे रेघेखालीही बाप आहेतच. मागच्या दोन-तीन महिन्यांत ताप आला होता?"

"गणपतीत डेंगी झाला होता. एकशेतीन ताप."

"मग झालं की! बाजारात येणारं द्राक्ष कितीतरी आधीच्या ऑक्टोबर छाटणीचं असतं. शुक्राणू तयार व्हायला सत्तरेक दिवस लागतात. आज दिसतोय तो तुमचा डेंगीतला माल. शिवाय एका रिपोर्टावर मी काही ठरवत नाही. तीन महिन्यांनी पुन्हा करू. तोवर मांडीवर लॅपटॉप नको, तंबाखू नको. वृषणाजवळची नस फुगलीय का तेही तपासून घेऊ."

घरी आल्यावर आईनं विचारलं, "काय म्हणाले?" मी म्हटलं, "डास चावला होता." तिनं लगेच खिडक्यांच्या जाळ्या बदलून घेतल्या.

दुसरी तपासणी येत्या मंगळवारी आहे. सकाळी नऊच्या सुमाराला सिंहगड रोडवर एक बाई स्कूटर दामटतेय आणि मागचा माणूस काखेत काहीतरी दाबून अवघडून बसलाय असं दिसलं, तर कृपा करून हॉर्न मारू नका. साइड द्या.