बिनअधिकाराचे पदाधिकारी

पदाधिकाऱ्यांना कसलाही अधिकार असणार नाही, असं आपल्या घटनेतच लिहून ठेवणारी एक संस्था जगात आहे. लॉरेल आणि हार्डी, म्हणजे आपले जाड्या-रड्या, यांच्या चाहत्यांची ही मंडळी. नाव 'सन्स ऑफ द डेझर्ट', स्थापना न्यूयॉर्कमध्ये, १९६५ साली. संस्थापकांत जॉन मॅकेब हे या जोडीचे चरित्रकार होते. खुद्द स्टॅन लॉरेलनं संस्थेच्या कल्पनेला मान्यता दिली आणि सुचवलं की प्रतिष्ठा असावी, पण अर्धीमुर्धीच. आपल्याकडे उलट. संस्थेकडे दुसरं काही नसलं तरी प्रतिष्ठा काठोकाठ असते. खडखडाट असतो तो खात्यात.

नाव घेतलंय १९३३ च्या त्यांच्याच सिनेमावरून. त्यात हे दोघे एका बंधुमंडळाचे सभासद. शिकागोच्या अधिवेशनाला येणारच, अशी शपथ घेऊन बसतात आणि मग लक्षात येतं, बायकोला विचारायचं राहिलंय. हार्डी आजारपणाचं सोंग घेतो, डॉक्टर होनोलुलूची सफर लिहून देतो (डॉक्टर अर्थात गुरांचा), आणि दोघे गुपचूप शिकागो गाठतात. इकडे होनोलुलूहून येणारं जहाज बुडतं. काळजीनं अर्धमेल्या झालेल्या बायका जरा मन रमावं म्हणून सिनेमाला जातात, तर वार्तापटात नवरे मिरवणुकीत नाचताहेत! पुढे लॉरेल रडत खरं सांगतो आणि घरी चॉकलेटं खात बसतो. हार्डी खोटं रेटतो आणि घरातली सगळी भांडी अंगावर घेतो. मंडळात रमणाऱ्या नवऱ्यांवर एवढा नेमका सिनेमा मी दुसरा पाहिला नाही. आणि या लोकांनी मंडळाला नाव दिलं तेच.

शाखेला ते 'तंबू' म्हणतात आणि प्रत्येक तंबूला या जोडीच्या एखाद्या सिनेमाचं नाव. जत्रेतल्या तंबूत मातीवर बसून सिनेमे पाहिलेल्या माझ्यासारख्याला यात काही विचित्र वाटत नाही. अध्यक्षाला म्हणायचं 'ग्रँड शेख'. डोक्यावर गोंड्याची फेज टोपी. बायकाही आता सभासद असतात, त्यामुळे जहाज बुडवण्याची गरज उरलेली नाही.

मला सगळ्यात भावली ती पेले उंचावण्याची प्रथा. पहिले दोन पेले त्या दोघांचे, पण तिथेच ते थांबत नाहीत. एक डोळा बारीक करून बघणारा, खोट्या मिशांचा जेम्स फिनलेसन, हार्डीची खाष्ट बायको झालेली मे बुश, हरघडी यांच्याशी भांडणारा चार्ली हॉल, यांचीही नावं घेतात. विनोदात घसरून पडणारा सगळ्यांच्या लक्षात राहतो. तो ज्याच्या अंगावर पडतो त्याचं नाव कोण विचारतं?

असा एक तंबू आपल्या सोसायटीतही ठोकावा, असं मी आमच्या माजी सचिवांना सुचवलं. त्यांनी घटना शांतपणे ऐकून घेतली.

"अधिकार नाही, हे चालेल हो," ते म्हणाले, "पण लेटरहेड असेल ना?"