धन की ऋण?

२००६ साली ताईच्या लग्नाच्या शूटिंगने कॉम्प्युटरची ८० जीबीची हार्ड डिस्क तुडुंब भरली आणि घरात ठराव झाला, डीव्हीडी बर्नर घ्यायचा. आईला वाटलं शेगडीचा. "आहेत की दोन. एक जरा मंद पेटतो, पण पेटतो."

मग महिनाभर मी स्थळं पाहावीत तसे बर्नर पाहिले. वेग किती, बफर किती, ८.५ जीबीची दोन थरांची डिस्क चालते का. सगळं जुळलं तरी गाडं अडलं एका चिन्हावर. कोऱ्या डीव्हीडीच्या जाती दोन. 'वजा आर' ही १९९७ची, आणि २००२मध्ये वेगळी चूल मांडलेली 'अधिक आर'. आकार तोच, भोक तेच, ४.७ जीबीही तेच; भाऊबंदकी निराळी कशाला म्हणायची? मूळ घराणं म्हणे, आमची ती साधी आडवी रेघ होती हो. समोर अधिक येऊन उभा राहिला म्हणून लोक तिला वजा म्हणायला लागले.

बाबा गणिताचे निवृत्त शिक्षक. त्यांनी निकाल दिला, "धन घे. ऋण या घरात आलेलं नाही." (घराच्या कर्जाचे हप्ते तेव्हा चालू होते.)

लॅमिंग्टन रोडवर दुकानदाराने माझी वही बघितलीसुद्धा नाही. "आता सगळे दोन्ही जाळतात. पांढरा देऊ की काळा?"

महिनाभराचा अभ्यास पांढऱ्या-काळ्यावर येऊन ठेपला. आमचा कॅबिनेट एके काळी पांढरा होता. आता त्याला तंबाखू खाणाऱ्याच्या दातांचा रंग आला होता, आणि तो त्या दुकानात नव्हता. काळा घेतला. सोबत बाबांच्या आज्ञेप्रमाणे पन्नास डिस्कांची चळत, अस्सल धन.

बसवताना तांदळाच्या दाण्याएवढा जंपर कपाटाखाली गेला, तो केरसुणीने काढला. कॉम्प्युटरने ४.७ची डिस्क ४.३८ दाखवली. कंपनी हजाराने मोजते, कॉम्प्युटर १०२४ने; बाबा म्हणाले, "मापात पाप." खोक्यावर वेग होता १६ एक्स. एक एक्सने डिस्क भरायला जवळजवळ तास लागतो हे कळताच त्यांनी तोंडी भागाकार केला, "पावणेचार मिनिटं," आणि हातात घड्याळ घेऊन बसले. सोळाचा वेग फक्त बाहेरच्या कडेला मिळतो, आतून सुरुवात त्याच्या निम्म्यानेही होत नाही, हे त्यांना सांगायची माझी हिंमत झाली नाही. पावणेचार उलटल्यावर त्यांनी घड्याळालाच चावी दिली.

पहिली डिस्क सत्त्याण्णव टक्क्यांवर गेली. दुसरीही. तिसरीच्या वेळी घरात मिक्सर बंद, पंखा एकवर, आणि आई चवड्यांवर चालत होती. ती निघाली. आईने तिला हळदकुंकू लावायला घेतलं, ते मी वेळीच थांबवलं.

रविवारी सगळे मावशीकडे. सोफ्यावर शेजारीसुद्धा येऊन बसलेले. मावशीच्या जुन्या प्लेअरने डिस्क आत ओढली, बराच वेळ घरघर केली, आणि हिरव्या अक्षरांत 'नो डिस्क' असं सांगून ताट बाहेर सरकवलं. तो फक्त मूळ घराण्याला मानणारा निघाला. मावशीने चहा आणला.

रिक्षात बाबा बराच वेळ चष्मा पुसत होते. पुलाच्या अलीकडे म्हणाले, "थोडं ऋण काढावं लागेल."

मी मान हलवली.

"दहाचंच काढ. पन्नासचं नको."