कॅसेटमधला शेवगा

"'व्हेरी टायर्ड' म्हणायचं नाही, 'एक्झॉस्टेड' म्हणायचं," ही पोळी लाटता लाटता म्हणाली. मी नुसतं "आज दमलो बुवा" म्हणालो होतो, तेही मराठीत.

गेले चार महिने ओट्यावर, डाळीच्या डब्याला टेकवलेला मोबाइल आमच्या घरात इंग्रजी शिकवतोय. त्यात एक मुलगी येते, डोळे वटारते आणि आपण आजवर काय काय चुकीचं बोलत आलो ते अर्ध्या मिनिटात ऐकवून जाते. मागोमाग एखादं गाणं, की पुन्हा मुलगी. आमच्या इंग्रजीच्या सरांनीही एवढं फटकारलं नव्हतं, आणि त्यांच्या हातात तर छडी असायची.

गुण मात्र येतोय. परवा ठेवीची मुदत संपली म्हणून बँकेत गेलो. काउंटरवरचा नवा मुलगा परप्रांतातला, त्याला मराठी येईना. मी मनातल्या मनात कर्ता, कर्म, क्रियापद जुळवतोय तोवर ही म्हणून मोकळी झाली, "आय वॉना रिन्यू माय एफडी." वॉना! गाण्यांतली पोरं प्रेमात पडल्यावर जे म्हणतात, ते हिने मुदत ठेवीला लावलं. पण काम पाच मिनिटांत झालं. माझं 'आय वुड लाइक टु' अजून घशातच होतं.

आमची आणि इंग्रजीची गाठ पडली पाचवीत. पहिलीपासून इंग्रजी आलं २००० साली. त्याआधी मराठी शाळेत पाचवी उजाडल्याशिवाय एबीसीडी नाही. शिवाय घरी तर्खडकरांची भाषांतर पाठमाला. व्याकरण पक्कं झालं, इतकं की तोंड उघडण्याआधी काळ तपासायची खोडच लागली. त्या सगळ्यातलं आज झोपेतून उठवलं तरी येतं ते एवढंच : गो-वेंट-गॉन. कारण ते आम्ही चालीवर घोकलं होतं. पाढे चालीवर, रामरक्षा चालीवर, मनाचे श्लोक चालीवर. आपल्याकडे तोंडात बसवायचं ते आधी सुरात बसवतात. इंग्रजी तेवढी बिनचालीची शिकवली आणि मग पोरं बोलत नाहीत म्हणून सगळे हळहळले.

इंग्रजी मुळाक्षरांचं गाणं १८३५ मध्ये बोस्टनला छापलं गेलं. चाल 'ट्विंकल ट्विंकल'चीच. आमची चार वर्षांची नात ते म्हणते, पण मधली पाच अक्षरं अशी भरधाव जातात की तिच्या हिशेबी 'एलेमेनोपी' हे एकच अक्षर आहे. तिने ते मला पाटीवर काढूनही दाखवलं. शेपटीवाला 'ळ' असावा तसं काहीतरी होतं. मी चूक काढली नाही.

चूक काढायला मला तोंड कुठे आहे? १९८१ साली कॉलेजात असताना मित्राकडून बोनी एमची कॅसेट आणली होती. शब्द कुठेच छापलेले नव्हते. मी टेपरेकॉर्डरसमोर वही घेऊन बसायचो. एक ओळ ऐकायची, खटका दाबायचा, मागे न्यायची, पुन्हा ऐकायची, देवनागरीत उतरवायची. टेप गुंतली की पेन्सिल घालून गुंडाळायची. एका गाण्याच्या मध्यावर मला लख्ख 'ओ माय शेवगा' ऐकू यायचं. तसंच लिहिलं, आणि गॅदरिंगला छातीठोकपणे गायलोही. टाळ्या पडल्या.

यात कानाचा फार दोष नाही. मराठीत प्रत्येक अक्षराला पुरता पगार मिळतो. इंग्रजीत जोर असलेल्या अक्षराची चैन, बाकीची अर्धपोटी. आपण भरपेट म्हणतो ते 'व्हेजिटेबल' त्यांच्या तोंडी 'व्हेज्टबल' होतं. त्यात गाणं म्हणजे आणखी घोळ; चालीसाठी एखादं फुटकळ अक्षरही चार मात्रा ताणतात. गाण्यांवर इंग्रजी शिकलेल्याचे उच्चार जरा वाकडे होतात, हे मला मान्य आहे. पण तोंड उघडतं की नाही?

असं भलतंच ऐकू येण्याला इंग्रजीत 'माँडेग्रीन' म्हणतात. सिल्व्हिया राइट या अमेरिकन लेखिकेने १९५४ मध्ये तो शब्द काढला. लहानपणी आई तिला एक जुनं स्कॉटिश कथागीत वाचून दाखवायची. त्यात सरदाराला मारून हिरवळीवर टाकलं, एवढंच होतं. हिला मात्र त्याच्याबरोबर मेलेली 'लेडी माँडेग्रीन' ऐकू आली. म्हणजे शेवगा त्यांच्याकडेही होतो.

काल रात्री हिने माझं ते गाणं मोबाइलवर शोधून काढलं. चालीबरोबर खाली एकेक शब्द उमटत होता. "अहो, बघा, शेवगा-बिवगा काही नाही हो इथे." चष्मा लावून मी तीनदा पाहिलं. खरंच नव्हता. चौथ्यांदा चष्मा काढला, डोळे मिटले आणि ऐकलं.

शेवगाच होता.